लिंक दे ना भाऊ

'भाऊ, लिंक दे ना.' 'पासवर्ड काय आहे?' 'फोनवर चालेल का?' 'फालतू आहे, क्रॅश होतंय.' संगणकाच्या पडद्यावर अंबरनाथहून सुटलेली लोकल बदलापूरच्या फलाटात शिरते आहे, अशा धाटणीचा कुठलाही व्हिडिओ उघडा. खाली हीच चार वाक्यं असतात, फार तर क्रम बदललेला. 'हे बनवलं कोणी?' हे पाचवं वाक्य मात्र बोटाने खाली खाली सरकवत शोधावं लागतं. बहुतेक वेळा ते नसतंच. माझं भांडण त्या नसलेल्या वाक्याशी आहे, आणि पहिली चार वाक्यं लिहिणारे बरेचसे माझ्याच वयाचे, माझ्याच गाडीने जाणारे आहेत, म्हणून ते जरा मोकळेपणाने भांडता येईल.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रेन सिम्युलेटर म्हणजे गाडी चालवायचा खेळ. यात कोणाला मारायचं नसतं, खजिना शोधायचा नसतो. सिग्नल बघायचा, वेग वाढवायचा, वेळेत ब्रेक लावायचा आणि फलाटावर बारा डब्यांची खूण जिथे असेल तिथे गाडी उभी करायची. तुमच्या आईला हा खेळ दाखवलात तर ती विचारेल, 'यात गंमत काय?' आणि तो प्रश्न अगदी रास्त आहे. कंपनी खेळाबरोबर चार-दोन गाड्या आणि चार-दोन मार्ग देते. बाकीचं जग खेळणारेच बनवतात: इंजिनं, डबे, स्टेशनं, पूल, सिग्नल, हॉर्नचे आवाज. याला 'यूजर कंटेंट' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. कंटेंट म्हटलं की पोत्यात भरलेला माल डोळ्यांपुढे येतो; कोणी भरला, कशाने भरला, काही कळत नाही. पण शब्द रुळलाय, चालू द्या.

२००१ साली 'मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर' आला तेव्हा त्यात सहा मार्ग होते. दोन अमेरिकेतले, दोन जपानमधले, एक इंग्लंडमधला, एक ऑस्ट्रियातला. जिथे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली ती मुंबई त्यात नव्हती. याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही, कंपन्या बाजार बघतात. पण त्या कंपनीने एक भलं काम केलं होतं: मार्ग बनवायची अवजारंही खेळाबरोबरच दिली होती. मग जगभरातल्या लोकांनी आपापल्या गावची रेल्वे बनवायला घेतली. भारतीयांनीही घेतली. भारतीय रेल्वेवेड्यांचा 'आयआरएफसीए' हा गट १९८९ पासून मेलवर गप्पा मारत होता, त्यामुळे कुठल्या इंजिनाला किती खिडक्या हे पाठ असलेली माणसं तयारच होती. पुढे मायक्रोसॉफ्टने खेळाची दुसरी आवृत्ती जाहीर केली आणि रद्द केली, पुन्हा जाहीर केली आणि २००९ च्या जानेवारीत तो स्टुडिओच बंद केला. खेळ तरी मेला नाही. 'ओपन रेल्स' नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला, जो त्या जुन्या फाइली आजही वाचतो आणि फुकट मिळतो. म्हणजे मालकाने दुकान सोडलं आणि गिऱ्हाइकांनी ते पुढे चालवलं. वीसेक वर्षांपूर्वी बनवलेलं एखादं इंजिन त्यामुळे आजच्या लॅपटॉपवर धावतं.

आता हे बनवणं म्हणजे काय ते सांगतो, कारण 'लिंक दे' म्हणणाऱ्याला वाटतं की हे कुठूनतरी 'निघतं'.

कल्याण ते बदलापूर एवढाच तुकडा घेऊ. अंतर चौदा किलोमीटर. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. प्रत्यक्षात वीसेक मिनिटांचा प्रवास, तोही उभ्याने. मायक्रोसॉफ्टच्या खेळात जमीन २०४८ मीटर बाजूच्या चौकोनांत मांडलेली असते, म्हणजे एका रांगेत सात-आठ चौकोन. त्या जमिनीला उंची द्यायची तर आकडे लागतात. ते आकडे फुकट मिळतात ते २००० सालच्या फेब्रुवारीत 'एंडेव्हर' यानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरून केलेल्या मोजणीतून. आपल्याकडच्या भागासाठी कित्येक वर्षं त्यातली ढोबळ आवृत्तीच उपलब्ध होती: साधारण दर ९० मीटरला उंचीचा एक बिंदू. खेळाला मात्र दर आठ मीटरला एक बिंदू हवा असतो. दोन खऱ्या बिंदूंच्या मधले दहा बिंदू अंदाजपंचे.

याचा परिणाम असा की ज्या भरावावरून रूळ जातात तो भराव आकड्यांत नसतोच. तो हाताने उचलावा लागतो. माउस धरून, बिंदू बिंदू करत. मलंगगड जरा तरी ओळखू येतो, पण बदलापूरच्या पुढे दिसणारा चंदेरीचा सुळका या जाळीत घासून बोथट होतो आणि कुठल्याही गावामागची कुठलीही टेकडी होऊन बसतो. बाहेरच्याला फरक पडत नाही. पण जो रोज खिडकीतून चंदेरी बघत कामावर जातो त्याला एका क्षणात कळतं की हे आपलं नाही. म्हणून बनवणारा रात्री दोनपर्यंत जागून तो सुळका परत तासतो. नदीचंही तसंच. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजाराहून जास्त माणसं बोटींनी काढावी लागली. उल्हास नदी आणि रूळ यांच्यात उंचीचा फरक किती थोडा आहे हे त्या दिवशी देशाने टीव्हीवर बघितलं. आकड्यांच्या जाळीत तो फरक दिसत नाही. तो बसवायला तिथे पावसाळ्यात उभं राहिलेलं माणूस लागतं.

मग रूळ. आपल्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर, आणि हा खेळ ज्यांनी बनवला त्यांच्या डोक्यात १४३५. तफावत साडेनऊ इंचांची. आपली गाडी तशीच ठेवली तर चाकं रुळाबाहेर लोंबतात. मग एक तर गाडीची बूड आवळायची, किंवा रूळच नवे बनवायचे. रूळ नवे बनवले की दुसरा पेच: या खेळात रुळाच्या प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक असतो आणि सगळे क्रमांक एकाच सामायिक फाइलीत नोंदवलेले असतात. मी माझ्या सांध्याला जो क्रमांक दिला तोच तुम्ही तुमच्या वळणाला दिलात, तर दोघांपैकी एकाचा मार्ग उघडतच नाही. म्हणून जगभरच्या बनवणाऱ्यांनी आपसात ठरवून एकच प्रमाण यादी सांभाळली. कुठलंही सरकार नाही, कंपनी नाही, दंड नाही. 'हा क्रमांक अमक्याने घेतलाय, आपण पुढचा घेऊ' एवढ्यावर ते सगळं उभं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाट्या. स्टेशनची पिवळी पाटी सोपी वाटते ना? तिच्यावर मराठी, हिंदी, इंग्रजी असतं आणि जुन्या चित्रांच्या सॉफ्टवेअरला 'विठ्ठलवाडी'तला 'ठ्ठ' जुळवता येत नाही. पाय मोडलेला ठ आणि त्याच्या शेजारी हरवल्यासारखा उभा दुसरा ठ. कित्येक खेळांत विठ्ठल असाच मोडक्या पायाने उभा आहे. झाडं तर विचारू नका. खेळाबरोबर आलेली झाडं थंड देशांतली. जांभळांसाठी नाव काढलेल्या बदलापुरात सूचिपर्णी वृक्ष बघून हसावं की रडावं कळत नाही.

सिग्नलला तर वेगळा नियम. आपल्या उपनगरी मार्गावर 'ए' अक्षराची पांढरी चकती असलेले स्वयंचलित सिग्नल असतात. असा सिग्नल लाल असेल तर मोटरमन दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं थांबतो आणि मग जपून पुढे सरकतो. रोज संध्याकाळी कल्याणच्या अलीकडे गाड्या एकीमागे एक रांगतात त्या याच नियमाने. त्या परदेशी खेळाला हे पटत नाही. लाल ओलांडला, खेळ खलास. ते पटवून द्यायला सिग्नलच्या वागण्याचा मजकूर स्वतः लिहावा लागतो, ओळीला ओळ लावून. त्यानंतर गार्डच्या दोन घंटा, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं. त्यानंतर मोटारचा आवाज, जो प्रत्येक बनावटीच्या गाडीत निराळा. सीमेन्सची लोकल सुटताना जो चढता सूर लावते तो डोळे मिटूनही ओळखू येतो. तो सूर हवा तर फोन घेऊन मोटारच्या डब्यात, गर्दी नसलेल्या वेळी, पंख्याचा आवाज टाळून बसायला हवं. बदलापूर मार्गावर 'गर्दी नसलेली वेळ' शोधणं हे स्वतंत्र संशोधन आहे.

एवढं करूनही गाडी रिकामीच राहते. अंबरनाथला चढायला मिळत नाही म्हणून आधी उलटं बदलापूरला जाऊन सीट धरून बसणारी माणसं कुठल्याही खेळात बसवता येत नाहीत. दर चौरस मीटरला चौदा-सोळा माणसं चितारायची तर संगणक धूर सोडेल. हे अपुरेपण बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. तरी तो बनवतो.

आणि हे सगळं मोजायचं कसं? फलाटाची लांबी, खांबांमधलं अंतर, पुलाच्या जिन्याच्या पायऱ्या? रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरलात तर रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी तो कायदा चुकीचा म्हणणार नाही, रूळ ओलांडताना या पट्ट्यात किती माणसं जातात ते आपल्याला ठाऊक आहे. पण फलाटावर उभं राहून खांबाचा फोटो काढणाऱ्यालाही 'कशाला काढतोस?' हा प्रश्न येतोच, आणि अंबरनाथसारख्या दारूगोळा कारखान्याच्या गावात तो जरा जास्त कडक सुरात येतो. 'गेमसाठी' हे उत्तर देऊन बघा. समोरचा आधी हसतो, मग फोन मागतो. त्यामुळे बनवणारे रुळांना हात न लावता मोजतात. एका डब्याची लांबी ठाऊक असते, मग अमुक शेड तीन डबे आणि दोन खिडक्या. पुलाची रुंदी पावलांनी. सिग्नलची उंची शेजारच्या माणसाच्या उंचीवरून. हे ज्ञान रेल्वेच्या कचेरीत नकाशांच्या भेंडोळ्यांत पडलेलं असणार, पण हौशी माणसाला ते मागायला कुठली खिडकी नाही.

आता तुम्हीच सांगा, या सगळ्यातून गेलेल्या माणसाने आपली फाइल फुकट ठेवली, सोबत एक छोटा मजकूर जोडला की 'वापरा, बदला, फक्त माझं नाव राहू द्या आणि विकू नका', तर त्याने फार मागितलं का?

आणि होतं काय? पहिल्या आठवड्यात कोणीतरी ती फाइल उतरवतो. तो मजकूर काढून टाकतो. डब्यावर स्वतःच्या चॅनेलचं नाव रंगवतो. फाइलला पासवर्ड लावतो आणि तो पासवर्ड व्हिडिओच्या मध्ये कुठेतरी दोन सेकंद दाखवतो, म्हणजे व्हिडिओ पूर्ण बघितला जाईल. लिंक अशा ठिकाणी ठेवतो जिथे तीन जाहिराती बंद केल्याशिवाय खरं बटण दिसत नाही. वर 'पहिल्यांदाच! फक्त आपल्या चॅनेलवर!' दुसऱ्या आठवड्यात दुसरा कोणीतरी त्याच्याकडून उचलतो आणि ओरडतो की पहिल्याने माझं चोरलं. या उचलाउचलीत एखादा डबा, एखादी आवाजाची फाइल गळून पडते. या खेळात एक डबा कमी असला तरी तो प्रवासच सुरू होत नाही. मग 'फालतू आहे, क्रॅश होतंय' हा शेरा येतो. आणि गंमत अशी की बनवणाऱ्याचं नाव ज्या एकमेव वेळी आठवतं ती ही वेळ असते. शिव्या पोचवायला.

उल्हासनगरचा विनोद तुम्हाला माहीत असेलच. 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आपले काका-मामा हा विनोद अजून करतात आणि स्वतःच हसतात. मला तो आता हसवत नाही. फाळणीनंतर जे लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत येऊन पडले, ज्यांच्या वस्तीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं, त्यांनी घर-दुकान मागे टाकून शून्यातून कारखाने उभे केले. नक्कल केली असेल. पण नक्कल करायलाही साचा पाडावा लागतो, पत्रा कापावा लागतो, शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. नकली पँट शिवणाऱ्याला पँट शिवता येते. आपण ज्याला 'मॉड रिलीज केला' म्हणतो त्यात काय येतं? उजवं बटण, नाव बदला, अपलोड. त्या विनोदातल्या माणसाच्या हाताला निदान तेल लागलेलं होतं. तेव्हा यापुढे हा विनोद करायचाच असेल तर आपल्यावर करू.

यावर तीन-चार उत्तरं ठरलेली आहेत. 'फुकटच तर आहे, मग कसली चोरी?' हे त्यातलं सगळ्यात फुसकं. पाणपोईचं पाणी फुकट असतं म्हणून पाणपोईवरची देणाऱ्याच्या नावाची पाटी उखडून आपली लावायची नसते. 'गाडी रेल्वेची आहे, तुझी कुठे?' हे जरा बरं. गाडी रेल्वेचीच आहे, पण त्या गाडीचं हे चित्र मी काढलंय. किल्ला महाराजांचा म्हणून तुमच्या पोराने दिवाळीत केलेला मातीचा किल्ला शेजाऱ्याचा होत नाही. कायद्यालाही हे कळतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ५७ असं सांगतं की कलाकृतीचे हक्क विकून टाकले तरी 'हे मी केलंय' म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. नोंदणीची सक्ती नाही. अर्थात बदलापूरचा बी.एस्सी.चा विद्यार्थी एका लोकलच्या डब्यासाठी कोर्टात जाणार नाही हे उचलणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

खरं वजनदार उत्तर वेगळंच आहे, आणि ते कोणी नीट मांडत नाही म्हणून मीच मांडतो. उचलणारे म्हणू शकतात: आम्ही होतो म्हणून वाचलं. आणि यात तथ्य आहे. जुन्या भारतीय गाड्या-मार्गांच्या फाइली कुठे असायच्या? जिओसिटीजवर, जी २००९ मध्ये बंद झाली. मेगाअपलोडवर, जी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने बंद पाडली. रॅपिडशेअरवर, जी २०१५ मध्ये गेली. याहू ग्रुप्सवर, ज्यातली साठवण पुसायचं याहूने २०१९ मध्ये जाहीर केलं आणि २०२० च्या डिसेंबरात दार कायमचं लावलं. बनवणाऱ्याची हार्ड डिस्क केव्हाच गेलेली, तो नोकरीला लागलेला, ईमेल बंद. अशा वेळी कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरची चोरटी प्रतच शिल्लक राहते. मान्य. नक्कल केल्याशिवाय काही टिकत नाही, पोथ्याही अशाच टिकल्या. पण पोथी उतरवून घेणारा शेवटी मूळ लिहिणाऱ्याचं नाव लिहायचा, स्वतःचंही लिहायचा, तिथीसुद्धा घालायचा. नाव पुसलेली प्रत उरते पण मुकी उरते. हा डबा कुठल्या वर्षीचा, हा रंग खरा की कल्पनेतला, फलाटाची ही लांबी मोजलेली की मनाने धरलेली, हे विचारायला कोणी नाही. दुरुस्ती करायची परवानगी मागायला कोणी नाही. 'ट्रेन्झ' नावाच्या ऑस्ट्रेलियन खेळात प्रत्येक वस्तूच्या क्रमांकातच बनवणाऱ्याचा क्रमांक गुंफलेला असतो. नाव विसरलात तरी धागा राहतो. आपल्याकडचे तरबेज लोक पहिल्यांदा तो क्रमांक बदलतात.

आता इतकं बोललो तर बनवणाऱ्यांनाही सोडत नाही. चोरीला कंटाळून त्यांच्यातल्या काहींनी जे सुरू केलंय ते चोरीइतकंच वाईट आहे. फाइली कुलूपबंद करायच्या. 'फक्त ग्रुपमधल्यांसाठी.' 'पैसे पाठवा, स्क्रीनशॉट टाका, मग पाठवतो.' पैसे मागायला माझी हरकत नाही, तीन महिन्यांच्या रात्रींना मोल असावंच. हरकत कुलुपाला आहे. एका डब्याचा मूळ आराखडा, ज्यावरून पुढच्या माणसाला सुधारणा करता येईल, तो कोणालाच द्यायचा नाही. मग शिक्षण संपलं, लग्न झालं, पुण्याला बदली झाली, की तो डबा कायमचा कुलपात. वर यांच्यापैकी काहींची चाकं दुसऱ्याच्या डब्यातून आलेली असतात आणि त्याचा उल्लेख नसतो. चोराचा राग येणाऱ्याने आधी आपली चाकं कुठून आली ते लिहावं. 'ओपन रेल्स'च्या लोकांनी सगळा कोड उघडा ठेवला, अट एवढीच की पुढे द्याल तेव्हा तोही असाच उघडा द्या आणि आधीच्यांची नावं पुसू नका. अजून चाललंय. आपल्या कुलपांची वयं बघा.

मघाशी म्हटलं होतं ती क्रमांकांची सामायिक यादी आठवा. ती का टिकली? कोणाचा कुठला क्रमांक हे सगळे मानत होते म्हणून. जिथे नावाला किंमत नाही तिथे अशी यादी राहत नाही, मग प्रत्येकाचे रूळ वेगळे. माझं इंजिन तुमच्या मार्गावर चालत नाही, तुमचा मार्ग त्याच्या गाडीला ओळखत नाही. आपल्याकडे सध्या नेमकं हेच झालंय: पुष्कळ गाड्या, पुष्कळ रंग, आणि एकमेकांना जोडणारं काहीच नाही.

फोनवाल्यांचं वेगळं दुःख आहे आणि ते खरं आहे. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे संगणक नाही, फोन आहे. फोनवरच्या बहुतेक रेल्वेच्या खेळांत स्वतःचा मार्ग टाकायची सोयच नसते. कंपनी देईल ते चालवायचं. म्हणून आपली पोरं इंडोनेशियाच्या बस सिम्युलेटरमध्ये लालपरी आणि शिवशाही घेऊन जावाच्या रस्त्यांवर फिरतात. तो खेळ बाहेरच्या गाड्या आत घेतो म्हणून. जकार्ताच्या वाटेवर एसटी बघून मला आनंदही होतो आणि पोटात तुटतंही. पण तिथेही तीच रीत: एसटीचा तो सांगाडा ज्याने बनवला तो कुठेच नाही, वर रंग फासणाऱ्या पन्नास जणांची नावं काचेवर. 'फोनवर चालेल का?' विचारणाऱ्याला माझा उलटा प्रश्न आहे. तुझ्या हातातल्या त्याच फोनमध्ये माइक आहे, कॅमेरा आहे. तू रोज सकाळी त्या गाडीत आहेस. बनवणाऱ्याला जो आवाज, जी पाटी, जो जिना मिळत नाही तो तुझ्यासमोर दिवसातून दोनदा येतो. लिंक मागण्याऐवजी तू काही पाठवलंयस का कधी?

कारण वस्तू जातात. १९२५ साली मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली ती पंधराशे व्होल्टच्या डीसी विजेवर. नव्वद वर्षं मुंबईच्या लोकल त्यावरच चालल्या. मग टप्प्याटप्प्याने पंचवीस हजार व्होल्टची एसी वीज आली आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. त्या जुन्या गाड्यांचा घरघरता आवाज, ब्रेक सोडतानाचा सुस्कारा, आज कुठल्याही मार्गावर ऐकू येत नाही. ज्यांनी तेव्हा साध्या फोनवर तो टिपला आणि खेळातल्या गाडीला बसवला त्यांच्यामुळे तो उरलाय, आणि अशा कित्येक फाइलींवर आज भलत्याचं नाव आहे किंवा कोणाचंच नाही. आवाज कुठल्या डब्यात, कुठल्या स्टेशनांच्या मध्ये टिपला होता ते सांगणारा मजकूर पहिल्याच उचलाउचलीत गळाला.

आत्ता कल्याण ते बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली नावाचं नवं स्टेशन मंजूर झालंय. ते पूर्ण होईल तेव्हा आजचे खांब, आजच्या भिंती, रुळांलगतची झाडं, पुलांचे जिने यांतलं बरंच काही जाईल. जायलाच हवं, बदलापूरकराला गाडीत उभं राहायला जागा पाहिजे, आठवणी नंतर. पण आज विठ्ठलवाडीहून निघून बदलापूरला उतरेपर्यंत डाव्या खिडकीतून जे दिसतं ते कोणीतरी कुठल्याशा खोलीत खांबामागून खांब मांडतो आहे. त्याच्या फाइलीत शेवटी पाच ओळींचा मजकूर असेल: मोजमाप कसं केलं, फोटो कोणी दिले, आवाज कुठला, चाकं कोणाची, माझं नाव काय. फाइल उतरवून घ्याल तेव्हा तो मजकूर आधी उघडा. आणि तो कोणी काढून टाकलेला दिसला, तर व्हिडिओखाली जाऊन ते पाचवं वाक्य लिहा.